दहावीची भूमिती ऑनलाइन शिकवताना मुलांचे हात कसे बघायचे?

कंपासपेटी:
नमस्कार. चिपळूणला घराच्या ओटीवर 19 वर्षं दहावीच्या गणिताची शिकवणी घेतली. सासूबाईंच्या आजारपणामुळे जूनमध्ये पुण्याला यावं लागलं. अकरा मुलांना ऐन दहावीत सोडवेना, म्हणून गूगल मीटवर शिकवते आहे. बीजगणित निभतंय. अडतंय 'भौमितिक रचना' प्रकरणात.

वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची तर आधी केंद्र आणि तो बिंदू जोडून त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक, म्हणजे त्याला मधोमध काटकोनात छेदणारी रेषा, कंपासने काढावी लागते. ओटीवर मी मुलांच्या मागून फिरायचे. कंपासचं टोक सरकलं, अंतर निम्म्याहून कमी घेतलं, की तिथल्या तिथे दिसायचं. आता व्हॉट्सॲपवर पूर्ण आकृतीचा फोटो येतो. स्पर्शिका वर्तुळाला टेकलेली असते, पण पट्टीने अंदाजे ओढलेली, आणि कंस मागाहून काढलेले! काय चुकलं ते कळायला मार्गच नाही. तुम्ही काय करता?

खडू-डस्टर:
ताई, मुलांचे चेहरे नका बघू, वही बघा. सारख्या उंचीचे दोन डबे, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर मोबाइल, मागचा कॅमेरा खाली वहीकडे. एका वेळी तिघंच घ्या. अकरा चौकोनांत कुणाचाच हात दिसत नाही. समजावताना जिओजेब्रा हे भूमितीचं ॲप छान आहे, बिंदू सरकवला की स्पर्शिका कशा हलतात ते मुलांना दिसतं. पण सराव कंपासनेच. बोर्डाच्या पेपरात हातानेच काढायची आहे.

रिक्षावाला बाबा:
मी पालक म्हणून लिहितो. घरात मोबाइल एकच, तो दिवसभर माझ्याजवळ. मुलीचा पाच वाजताचा वर्ग दोन महिने बुडला. ती आळशी नव्हती हो. शेवटी तिच्या बाईंना सांगितलं, त्यांनी वर्ग रात्री आठला घेतला. धडा छोट्या व्हिडिओत आधी पाठवतात, तो उतरवून ठेवला की रेंज नसली तरी चालतं. मुलांना वेळ विचारा मॅडम.

कंपासपेटी:
काल तिघांवर डबे लावून पाहिलं. एक जण लंबदुभाजक न काढता पट्टीने मोजून मध्य घेत होता, उत्तर बरोबर येत होतं म्हणून आजवर सुटत होता. दुसरीच्या कंपासचा स्क्रू ढिला निघाला, बिचारी महिनाभर स्वतःलाच दोष देत होती. दादा, वेळ विचारली. चौघांना आठच हवे होते, मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजपासून वर्ग आठला.