नऊ नंबर हवाच होता, पण मधली फळी?

'आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबने २०२५ च्या उन्हाळ्यात फक्त स्ट्रायकर (गोल करणारा पुढचा खेळाडू, म्हणजेच नऊ नंबर) घ्यावा, बाकी संघ तयार आहे' असं एक मत होतं, ते मला अर्धंच पटलं. गोल आटले हे खरं. प्रीमियर लीगमध्ये २०२३-२४ ला ९१ गोल, २०२४-२५ ला ६९, आणि त्या मोसमात तब्बल १४ सामने बरोबरीत. पुढे खेळणारे जेझुस, हावर्ट्झ दोघेही जायबंदी, म्हणून मधल्या फळीतल्या मेरिनोला पुढे ढकललं. लेस्टरविरुद्ध त्याने बदली येऊन दोन गोल ठोकले तेव्हा मीही घरात नाचलो!

पण मधल्या फळीतले जोर्जिन्यो आणि पार्टी दोघांचेही करार जून २०२५ अखेर संपत होते, हे कुणीच काढलं नाही. बचावफळीच्या पुढ्यात उभं राहून चेंडू शांतपणे खेळवणारा माणूस आधी आणायला हवा होता. नाहीतर मधल्या फळीतल्याच राइसला मागे अडकवावं लागलं असतं, आणि तो पुढे मोकळा धावतो तेव्हाच खरा उपयोगी. महागडा नऊ नंबर त्यानंतर.