भागीदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी हिशेब मागण्याची मुदत

प्रश्न:
माझे वडील आणि त्यांचे एक स्नेही (आम्ही त्यांना काका म्हणतो) यांची लातूरच्या मार्केट यार्डात आडत होती. भागीदार दोघेच असून पेढीची नोंदणी झालेली नाही. मात्र एका भागीदाराच्या मृत्यूनंतरही पेढी चालू राहील, असे कलम भागीदारीपत्रात आहे. वडिलांना जाऊन अडीच वर्षे उलटली. काका त्याच नावाने धंदा करतात आणि हिशेबाचा विषय निघाला की ‘दिवाळीनंतर बसू’ म्हणतात. आई दाव्याला राजी नाही आणि धाकटा भाऊ अजून अज्ञान (१८ वर्षांखालील) आहे. आम्हा वारसांना मुदत किती आणि ती कधीपासून मोजायची?

उत्तर १:
भागीदार दोघेच असल्यामुळे त्या कलमाचा काकांना उपयोग नाही, कारण एकट्या माणसाची भागीदारी होऊ शकत नाही. मोहम्मद लईकुद्दीन विरुद्ध कमला देवी मिश्रा या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले आहे. म्हणजे निधनाच्या दिवशीच पेढी विसर्जित झाली आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ५ नुसार हिशेब व नफ्यातील वाटा मागण्याची तीन वर्षे तेव्हापासून सुरू झाली. तोंडी आश्वासनाने किंवा वकिलाच्या साध्या नोटिशीने ती थांबत नाहीत. मुदत संपण्याआधी काकांनी तुमचे देणे सहीनिशी लेखी कबूल केले, तरच कलम १८ प्रमाणे नव्याने मुदत मिळते. उशीर माफ करण्याची कलम ५ ची सोय दाव्यांना लागू नाही आणि प्रतिवादी गप्प राहिला तरी कलम ३ मुळे न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो. दिवाळीची वाट पाहू नका.

उत्तर २:
नोंदणी नसल्याची भीती कोणी घातली तर मनावर घेऊ नका. महाराष्ट्राने १९८४ मध्ये भागीदारी कायद्यात कलम ६९(२अ) घालून अशा दाव्यांनाही नोंदणी सक्तीची केली होती. त्यातही मृत भागीदाराच्या वारसांना सूट होती आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. शिवाय हिशेब न मिटवता काका पेढीची मालमत्ता वापरत असतील, तर कलम ३७ प्रमाणे त्या वापरातून झालेल्या नफ्यातील हिस्सा किंवा वडिलांच्या वाट्यावर द.सा.द.शे. ६ व्याज, यांपैकी एक निवडता येते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. भाऊ अज्ञान असल्याने मुदत वाढते का? भागीदारीपत्रात लवादाचेही (वाद न्यायालयाऐवजी त्रयस्थ पंचाकडे नेण्याचे) कलम आहे.

उत्तर १:
भावाला सज्ञान झाल्यावर स्वतःपुरती तीन वर्षे मिळू शकतात, परंतु देणे फिटल्याची पोच त्याच्या वतीने देण्याचा अधिकार तुमच्यापैकी कोणाला होता आणि म्हणून त्याचीही मुदत चालूच राहिली, असा वाद मुदतीच्या कायद्याच्या कलम ७ खाली उभा राहील. शिवाय तुमचा आणि आईचा हक्क त्यामुळे वाचत नाही. लवादाचे कलम भागीदाराच्या मृत्यूने संपत नाही, तेव्हा बहुधा त्याच मार्गाने जावे लागेल. तिथेही मुदत तीच. मात्र वाद लवादाकडे सोपवण्याची मागणी करणारी नोटीस काकांना मिळाली, त्या दिवशी कार्यवाही सुरू झाली असे धरतात. म्हणून ती मुदतीच्या आत त्यांच्या हातात पडली पाहिजे, नुसती पाठवून भागणार नाही. पोस्टाची पोच जपून ठेवा.