शब्दचर्चा: प्रतिपिंड की प्रतिद्रव्य?

नववीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. अँटीबॉडीला प्रतिपिंड म्हणू की प्रतिद्रव्य? 'प्रतिपिंड' ऐकून आई म्हणाली, "पिंड म्हटलं की मला कावळाच आठवतो."

— प्रतिपिंडच. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एरलिख यांनी 1891 मध्ये जर्मनमध्ये 'अँटिक्योर्पर' असा शब्द वापरला. क्योर्पर म्हणजे देह, आणि 'पिंडी ते ब्रह्मांडी'तला पिंडही देहच. द्रव्य म्हटलं की मुलांना काहीतरी पातळ वाटतं.

— पण पिंड पुल्लिंगी. मग 'प्रतिपिंडे' कसं?

— व्याकरणाने नको, पण कोरोनाच्या काळात छापून छापून रुळलं. आता कोण मोडणार!

— ताई, नामापेक्षा क्रियापद सांभाळा. 'प्रतिपिंडे विषाणूंशी लढतात' असं सर्रास लिहितात. प्रतिपिंड वाय अक्षरासारखं असतं. दोन हातांनी विषाणूला धरतं, शेपूट मोकळी राहते. हे सगळं पेशीबाहेरच घडतं अशी समजूत होती. 2010 मध्ये केंब्रिजच्या एमआरसी रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत लिओ जेम्स आणि सहकाऱ्यांनी अॅडिनोव्हायरस या सर्दी-खोकल्याच्या विषाणूवर वेगळंच दाखवलं. विषाणू पेशीत घुसतो तो अंगाला चिकटलेली प्रतिपिंडं घेऊनच. आत ट्रिम21 नावाचं प्रथिन ती शेपूट पकडतं आणि युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी जोडतं. ही साखळी म्हणजे 'मोडीत काढा' अशी चिठ्ठी. मग प्रोटिएसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र विषाणूचे तुकडे करतं. पेशीला विषाणूचा चेहरा ठाऊक असण्याची गरज नाही, शेपूट दिसली की पुरे. म्हणून इथे 'लढतात' नको, 'खूण करतात' लिहा.

— सगळ्याच विषाणूंचं असं होतं?

— नाही. फ्लू, कोरोना यांना बाहेरून मेदाचं आवरण असतं. पेशीत शिरताना ते पेशीच्या पटलात मिसळून जातं, त्यामुळे त्यावरची प्रतिपिंडं आतल्या गाभ्यासोबत जात नाहीत. अॅडिनोव्हायरसला असं आवरणच नाही, म्हणून तो सापडतो.

— मग ताईंच्या आईचं बरोबरच आहे की! पिंड ठेवलेला आहे, ट्रिम21 शिवला की काम झालं.

— हे वाक्य टिपणात घालते. मुलांना आवडेल, मुख्याध्यापक बाई मात्र खोडतील.