पाडवा ते पाडवा: टाळेबंदीच्या वर्षाची घरगुती नोंदवही कशी करावी?

साखरपेठ_११

मार्च २०२० ते एप्रिल २०२१ या काळाचं घरापुरतं लिहून ठेवायचं आहे. छापायचं नाही, पुढे घरातल्या पोरांनी वाचावं एवढंच. घर सोलापुरात. हाताशी आहे ते असं: बुटाच्या खोक्यात किराणा-औषधांची बिलं (निम्मी पुसट), दोन पासबुकं, लाइटबिलं, पेपरची थोडी कात्रणं, एक जुना फोन आणि आजी. आजी तेव्हा विड्या वळायची. बोलते तेलुगूत, मराठी मोडकं.

लिहायला बसलं की पाऊण पानात सगळं संपतं. ‘घरात होतो, भीती वाटायची, दिवस जाईना.’ सुरुवात कुठून करायची? बिलं लॅमिनेट करून घ्यावीत का? आणि आजीकडून कसं काढून घ्यायचं?

जुनी_वही

लॅमिनेशन अजिबात नको, हे आधी. दुकानातलं मशिनचं बिल बहुतेक थर्मल कागदावर असतं. त्यात शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो, तीच अक्षरं. लॅमिनेशनच्या गरम रुळातून गेलं की अख्खं बिल काळंकुट्ट होऊन बाहेर येतं. ओळखायचं असेल तर कोपऱ्यात नखाने जोरात रेघ ओढा. काळी उमटली की थर्मल. मऊ प्लॅस्टिकच्या पाउचमध्येही ठेवू नका, त्यातली रसायनं लेपाला लागतात आणि अक्षरं उडतात. खोकं पत्र्याखाली किंवा माळ्यावर असेल तर आजच खाली घ्या. सोलापूरच्या मे महिन्यात तिथे काय तापतं ते सांगायला नको.

आधी सगळ्यांची झेरॉक्स काढा, एका ए-फोरवर चार बिलं, ‘डार्क’ करून मागा. झेरॉक्सची पूड कागदावर टिकते, थर्मलची अक्षरं टिकत नाहीत. मूळ बिलं कागदी पाकिटात, महिन्याला एक पाकीट, तारीख पाकिटावर पेन्सिलीने. जी पार पुसट झालीत ती स्कॅन करताना काळं-पांढरं निवडू नका, त्यात उरलीसुरली खूणही जाते. रंगीत, ६०० डीपीआय, मग फोनमध्येच कॉन्ट्रास्ट वाढवून चित्र उलटं, म्हणजे निगेटिव्ह करून बघा. आकडे बऱ्याचदा दिसतात. हेअर ड्रायरने गरम करायची युक्ती फिरत असते, ती मूळ कागदावर कधीच नको.

कात्रणं फेविकॉलने वहीत चिकटवू नका, सेलोटेप तर नाहीच. न्यूजप्रिंट पिवळं पडून ठिसूळ होतंच. दोन कोऱ्या ए-फोरमध्ये सपाट ठेवलं तर सावकाश होतं. एप्रिल २०२० मध्ये काही दिवस राज्यात घरोघर पेपर टाकायलाच मनाई होती, त्यामुळे त्या आठवड्यातलं एखादं पान असेल तर ते जपून.

आता लिहिण्याचं. लिहू नका, आधी ओळी आखा. टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, बुधवार, गुढीपाडवा होता. पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ ला आला, कारण मधे अधिक आश्विन होता. शके १९४२ चं ते वर्ष ३८४ दिवसांचं. दोनशे पानी वही घ्या, पानाला दोन दिवस: १९२ पानं. उरलेली आठ शेवटी, सूचीला आणि जादा नोंदींना. आधी नुसत्या तारखा आणि वार टाका, सणवार त्या वर्षीच्या पंचांगातून. मग खोक्यातला एकेक कागद आपल्या तारखेवर टाकत जा. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर: क म्हणजे कागद, फ म्हणजे फोन, आ म्हणजे नुसती आठवण. हे अक्षर गाळलंत तर सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही काय पक्कं आणि काय ऐकीव.

एक नोंद कशी दिसते ते बघा:

‘रवि. ५ एप्रिल. रात्री ९ ला ९ मिनिटं दिवे घालवले. गच्चीवर पणत्या ५ (फ). ~~ताटं वाजवली~~ (आ, खोडलं: ताटं २२ मार्चची, संध्याकाळी ५).’

ती खोडलेली ओळ तशीच राहू द्या. ताटं आणि पणत्या या दोन रविवारांची सरमिसळ घरोघर झालेली आहे.

मीटर_रीडिंग

वरचं बरोबर, पण कागदही फसवतो. नवीन माणूस नेमका लाइटबिलात अडकतो.

महावितरणने २३ मार्च २०२० पासून रीडिंग घेणं थांबवलं होतं. एप्रिल-मेची बिलं आधीच्या हिवाळी महिन्यांच्या सरासरीवर निघाली. त्यामुळे कागदावर एप्रिल-मेचे युनिट कमी दिसतात आणि जूनचं बिल डोळे पांढरे करणारं, कारण त्यात मागचं सगळं खरं रीडिंग एकदम आलं. ‘एप्रिलमध्ये पंखासुद्धा कमी लावला’ असं बिल बघून लिहाल तर चूक. तेव्हा माणसं चोवीस तास घरात होती आणि ऊन चाळिशीच्या पुढे. एप्रिल, मे, जून तिन्ही बिलांची बेरीज करा आणि २०१९ च्या त्याच तीन महिन्यांशी लावा. महिन्यामहिन्याची तुलना करू नका. घरात माग असेल आणि त्याचं मीटर वेगळं असेल तर ते बिल जास्त बोलकं. माग किती दिवस बंद होता ते त्या युनिटांवरून जवळपास निघतं.

पासबुक: बरेच दिवस प्रिंट केलं नसेल तर काही बँका मधल्या नोंदी गोळा करून एकच ओळ छापतात. म्हणून स्टेटमेंट मागा आणि वर्ष न सांगता तारखा सांगा. पाडवा ते पाडवा तीन आर्थिक वर्षांत पडतो: मार्च २०२० चा शेवटचा आठवडा, पूर्ण २०२०-२१ आणि एप्रिल २०२१ चे बारा दिवस. ‘२०-२१ चं द्या’ म्हणालात तर सुरुवात आणि शेवट दोन्ही कापले जातात, आणि सुरुवातच तर हवी आहे.

त्यात काय शोधायचं: घरातल्या बाईचं जनधन खातं असेल तर एप्रिल, मे, जूनला ५०० रुपये जमा. कर्ज असेल तर हप्ते थांबलेले महिने. रिझर्व्ह बँकेची सवलत १ मार्चपासून आधी तीन महिने, मग ३१ ऑगस्टपर्यंत. व्याज मात्र चढत होतं, ते पुढच्या महिन्यांत दिसेल. रेशनची पावती मिळाली तर माणशी ५ किलो मोफत तांदूळ दिसेल, आणि ती पावतीही थर्मलच, आधी झेरॉक्स.

दोन_टिक

फोनचं थोडक्यात, पण क्रम पाळा. चार्जिंगला लावताना आधी पाठ बघा. बॅटरी फुगून झाकण वर आलं असेल तर लावू नका, दुकानात न्या. ठीक असेल तर केबलने कॉम्प्युटरला जोडून व्हॉट्सअ‍ॅपचा मीडिया फोल्डर अख्खा कॉपी करा. फोटो एकेक करून पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवू नका. दर्जा पडतो आणि फोटोच्या आत लपलेली तारीख पुसली जाते.

आलेल्या फोटोचं नाव ‘आयएमजी-२०२००४०५-डब्ल्यूए००१२’ अशा धाटणीचं असतं. मधले आठ आकडे म्हणजे तो तुमच्या फोनवर उतरला ती तारीख, शेवटचा त्या दिवसाचा अनुक्रमांक. कॉपी करताना गॅलरीतली तारीख बदलते, नाव बदलत नाही. म्हणून नावाला हात लावायचा नाही, ‘आजीचा फोटो’ वगैरे नाव द्यायचंच असेल तर शेवटी जोडा. आणि उतरल्याची तारीख म्हणजे काढल्याची तारीख नव्हे. फॉरवर्ड आलेला फोटो जुना, कुठल्या भलत्याच गावचाही असू शकतो.

व्हॉइस नोट वेगळ्या फोल्डरात असतात आणि सहसा साल-आठवडा अशा नावाच्या खणांत. मार्चअखेरच्या ‘२०२०१३’ च्या आसपास सापडतील. त्या आधी ऐका. फोटोत माणसं हसतात, व्हॉइस नोटमध्ये खरं बोलतात.

चॅट एक्स्पोर्टचा भरवसा धरू नका. मीडियासकट साधारण शेवटचे १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय ४०,०००. कुटुंबाचा ग्रुप बोलका असेल तर २०२० पर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा चॅटमध्ये शोध उघडून कॅलेंडरच्या चिन्हावर तारीख टाका, थेट त्या दिवशी जाता.

अव्वाची_गोष्ट

आजीसाठी. ‘त्या वेळी कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर येतं, ‘काय वाटणार, देवाने निभावलं’, आणि विषय संपतो. वस्तू विचारा. ब्रँच (पानं-तंबाखू देणारी आणि वळलेल्या विड्या घेणारी कारखान्याची शाखा) बंद झाली त्या दिवशी सुपात किती विड्या होत्या? पानं भिजवून ठेवलेली होती का? भिजवलेलं पान फार दिवस राहत नाही, मग त्याचं काय केलं? तंबाखू कुठे ठेवला? पुन्हा माल मिळाला तेव्हा पहिल्या दिवशी किती वळल्या, बोटं चालली का? विडी कामगार बाईला तारीख आठवत नाही, शेकडा-हजाराचा हिशोब आठवतो. ब्रँचची माल दिल्या-घेतल्याची वही घरात असेल तर समोर ठेवूनच बसा.

तारखेऐवजी सण विचारा, आणि सोलापूरचेच. पाडव्याला गुढीला साखरेचा हार मिळाला का? आषाढीला (१ जुलै २०२०) पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, टीव्हीवर बघितलं का? दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळं उघडली, पहिल्यांदा कुठल्या देवळात गेलात? जानेवारी २०२१ मध्ये गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला नाही, त्या संध्याकाळी घरात काय केलं?

रेकॉर्डिंग सकाळी करा, पंखा बंद ठेवून. दुपारी पंखा बंद करायला सांगाल तर आजी उठून जाईल, आणि बरोबरच आहे तिचं. फोन विमान मोडवर, तिच्या पुढ्यात दीड हातावर, खाली घडी केलेलं टॉवेल. नाहीतर फरशीवरचा प्रत्येक ठोका येतो. एका बैठकीला पंचवीस मिनिटं पुरेत. शेजारी माग चालू असेल तर बंद होईपर्यंत थांबा, पण त्या खटखटीचं अर्धा मिनिट वेगळं रेकॉर्ड करून ठेवा. सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, टाळेबंदी म्हणजे तो आवाज थांबणं होतं, आणि ते पोरांना लिहून कळणार नाही.

तेलुगूत बोलते तर तेलुगूतच बोलू द्या. मधेच ‘मराठीत सांग’ म्हटलं की वाक्य आखडतं. तिचे शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहा, खाली मराठी अर्थ. सोलापूरची तेलुगू मराठी-कानडी मिसळलेली, ती दुरुस्त करत बसू नका.

साखरपेठ_११

धन्यवाद सगळ्यांना. लॅमिनेशनचं वाचलं ते बरं झालं. दोन शंका. आजी ऑक्सिजन सिलिंडरची धावपळ आणि पहिला पाडवा एकाच दमात सांगते, ते कुठे टाकायचं? आणि ३८४ पैकी निम्म्याहून जास्त ओळी रिकाम्या राहणार असं दिसतंय. जून ते सप्टेंबरचं तर काहीच नाही.

जुनी_वही

ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, बेडसाठी फोन हे बहुतेक एप्रिल-मे २०२१ चं, दुसऱ्या लाटेचं. सोलापूर शहरात पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० ला नोंदला गेला, म्हणजे बंद सुरू होऊन अठरा दिवसांनी. पहिल्या पाडव्याला इथे भीती होती ती मुंबई-पुण्याच्या बातम्यांची. गोष्टीत लस आली की समजा १६ जानेवारी २०२१ च्या पुढचं, साठीच्या वरच्यांसाठी १ मार्चच्या पुढचं; लसीच्या सर्टिफिकेटवर तारीख आहेच. आजीला टोकू नका. जसं सांगते तसं रेकॉर्ड होऊ द्या, वहीत वेगवेगळ्या तारखांना टाका, आणि दुसऱ्या पाडव्यानंतरचं असेल ते मागच्या आठ पानांत.

रिकाम्या ओळींचं: जून ते सप्टेंबर रिकामा नाही, तुम्ही देशाच्या तारखा धरून शोधताय. देश ८ जूनपासून उघडत होता आणि सोलापूर शहर जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा दहा दिवस कडक बंद होतं. त्या दहा दिवसांच्या आदल्या एक-दोन दिवसांची बिलं बघा, किराणा आणि भाजी एकदम जास्त घेतलेली सापडेल. ऑक्टोबरात अतिवृष्टी, १४ तारखेच्या आसपास. छत गळलं असेल तर ताडपत्री-पत्र्याचं बिल असेल. शाळेची ऑनलाइन सुरुवात जून-जुलैत, म्हणजे डेटाच्या रिचार्जचे मेसेज. जुन्या फोनमध्ये साधे एसएमएस बघितलेत का? बँक, गॅस, रिचार्ज, रद्द झालेलं रेल्वेचं तिकीट, सगळं तारखेवार तिथेच पडलेलं असतं आणि कोणी उघडत नाही. एकट्या गॅस बुकिंगच्या मेसेजवरून सिलिंडर किती दिवस पुरला ते निघतं. घरात किती तोंडं जेवत होती याचा त्याहून पक्का पुरावा नाही.

एवढं करूनही रिकामी राहील ती ओळ रिकामीच ठेवा. ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहून भरू नका.

मीटर_रीडिंग

एसएमएसचं एक राहिलं. ते कॉपी-पेस्ट केले तर तारीख सुटते. बॅकअपचं अ‍ॅप वापरून अख्खी यादी एकदम काढा, नाहीतर सरळ स्क्रीनशॉट घ्या, वर तारीख दिसेल असा. आणि हे फोन दुरुस्तीला टाकायच्या आधी. दुकानात बऱ्याचदा आधी रीसेटच मारतात.