आमिश लोकांचं रोजचं जगणं जवळून बघायचंय: लँकेस्टरला कुठे जावं?

सांगलीकर_एडिसन
आई-बाबा सांगलीहून आलेत. बाबांचा जन्म शेतीत गेला. न्यूयॉर्कच्या इमारती बघून कंटाळले, आता "इथे घोड्यावर नांगरतात म्हणे, ते दाखव" हे टुमणं लावलंय. म्हणजे आमिश, जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ. पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, एक दिवस, चौघं, सगळं मिळून १५० डॉलर. आई-बाबा शाकाहारी. रविवार सोयीचा. देखावा नको, खरं शेत-घर हवं.

मिरचीकांदा
रविवारी अजिबात जाऊ नका! आमिश दुकानं, भाजीचे ठेले, सगळं बंद. शेतावरही फक्त दूध काढणं आणि वैरण.

पक्का_ओहायोवाला
लँकेस्टर म्हणजे जत्रा. ओहायोतल्या होम्स काउंटीला या, बर्लिन-चार्मकडे. मी तिथून ओकचं डायनिंग टेबल करून घेतलं, नातवंडांपर्यंत टिकेल.

सांगलीकर_एडिसन
दादा, न्यू जर्सीतल्या एडिसनहून सात तास आहे ते.

वैशाली_ताई
रविवारी बंद असतं हो सगळं. मी हाताने शिवलेली गोधडी आणली, १४०० डॉलर. पैसा वसूल. आणि मुलं बरोबर असतील तर स्ट्रासबर्गची वाफेची ट्रेन कराच.

चक्रधर
बग्गीच्या फेरीत पैसे घालवू नका. आम्हाला एकाने पार्किंगच्या मागून फिरवून आणलं, वर टीप मागितली. बाकी वीज वापरत नाहीत वगैरे सगळं ढोंग. मी स्वतः फोन बघितलाय.

शेणखत
ढोंग नाही. फोन घरात नको, म्हणून शेताच्या टोकाला टपरीत ठेवतात. फ्रिज गॅसवर, दूध काढायचं यंत्र डिझेल इंजिनावर. वीज वाईट म्हणून नव्हे, बाहेरच्या तारेला घर जोडायचं नाही म्हणून. कुठलं यंत्र चालेल हे प्रत्येक चर्च-मंडळी आपापलं ठरवते.
धागाकर्त्याला: तिकडे घोड्यांपेक्षा खेचरं जास्त, एका अवजाराला चार-सहा जुंपलेली. रूट ३४० वरून बर्ड-इन-हँड गाठा आणि आतल्या रस्त्यांना वळा. "अंडी", "बटाटे" अशी हाताने लिहिलेली पाटी दिसली की थांबा. काहीतरी विकत घ्या, रोख द्या, मग बाबांना पिकापाण्याचं विचारू दे. याहून जवळून बघणं नाही. सोमवारी गेलात तर कप्पीच्या दोरीवर कोठीपर्यंत चढत गेलेले जांभळे-निळे-काळे कपडे दिसतील, तो धुण्याचा वार.

मिरचीकांदा
तेच म्हणतेय, रविवारी नको. आणि चेहऱ्याचे फोटो काढू नका, त्यांना चालत नाही.

चक्रधर
रस्त्यावर काढले तर कोण अडवतं?

शेणखत
कोणी अडवत नाही, म्हणून तर काढू नयेत.

कोथरूडची_सून
जेवणाचं कोणीच बोललं नाही. शूफ्लाय पाय काकवीचा, छान लागतो, पण पारीत डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या. घरगुती जेवण देणारी कुटुंबं आहेत, आधी ठरवावं लागतं. चौघांचं त्यातच बजेट संपेल.

सांगलीकर_एडिसन
सगळ्यांचे आभार. रविवारीच जातोय, शनिवारी गाडी मिळत नाही. बाबा म्हणाले, "दुकानं बंद असली तरी गोठा बंद नसतो ना?" एक रविवार सोडून त्यांची प्रार्थना कुणाच्या तरी घरी असते असं वाचलं, म्हणजे अंगणात ओळीने राखाडी बग्ग्या तरी दिसतील, लांबूनच बघू. जेवण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गोधडी आईच्या ट्रंकेत दोन आहेत.

वैशाली_ताई
मग ती ट्रेन तरी कराच.