शब्दचर्चा : कर्बोदक, पिष्टमय पदार्थ आणि शर्करा

प्रश्न

आहारावरच्या एका पुस्तिकेचं मराठी भाषांतर तपासते आहे. मूळ मजकुरात सगळीकडे ‘कार्बोहायड्रेट’ हा एकच शब्द आहे. भाषांतरात मात्र त्याचं कुठे ‘कर्बोदके’ झालंय, कुठे ‘पिष्टमय पदार्थ’, तर कुठे नुसतं ‘शर्करा’. एका ठिकाणी तर ‘फळांमधील फ्रुक्टोज हा पिष्टमय पदार्थ’ असं वाक्य आहे. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘कर्बोदक’मधलं उदक म्हणजे पाणीच ना? मग कोरड्या साखरेत पाणी आलं कुठून?

उत्तर

नाही चालत. ‘कर्बोदक’ हे अख्ख्या कुळाचं नाव आहे. ‘शर्करा’ ही त्या कुळातली लहान रेणूंची शाखा आणि ‘पिष्ट’, म्हणजे स्टार्च, हा मोठ्या रेणूंच्या शाखेतला एक पदार्थ. पिष्ट म्हणजे मुळात दळलेलं, पीठ. फ्रुक्टोजमध्ये स्टार्चचा लवलेश नसतो, त्यामुळे तुम्ही दिलेलं वाक्य बदलायलाच हवं. तिथे ‘फलशर्करा’ लिहा किंवा सरळ फ्रुक्टोज.

उदकाचं म्हणाल तर ते पाणीच, पण नाव पडलं त्या वेळच्या समजुतीतलं. एकोणिसाव्या शतकात साखर, स्टार्च अशा पदार्थांचं पृथक्करण झालं तेव्हा दिसलं, की त्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू दोनास एक या प्रमाणात आहेत, म्हणजे पाण्यात असतात तसेच. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. कागदावर मांडलं तर सहा कार्बन आणि सहा पाणी. म्हणून हे पदार्थ म्हणजे ‘पाणी धरलेला कार्बन’ असं मानलं गेलं आणि १८४४ साली कार्ल श्मिट यांनी जर्मनमध्ये त्या अर्थाचं नाव दिलं. आपलं ‘कर्बोदक’ त्याच अर्थावर बेतलेलं आहे.

समजूत अगदीच निराधार नव्हती. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओतलं की ती आधी पिवळी पडते, मग तपकिरी, मग काळी होते, आणि वाफा सोडत कोळशाचा एक सच्छिद्र खांब भांड्याबाहेर चढू लागतो. आम्लानं पाणी ओढून घेतलं, कार्बन मागे राहिला. हे पाहिल्यावर ‘कर्ब + उदक’ ही फोड कुणालाही पटेल. पण याच्या शेजारी मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, प्रयोग ठेवा. मोरचुदाचे निळे स्फटिक तापवले की पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की निळा रंग परत येतो. तिथे पाणी पाण्याच्याच रूपात होतं. साखरेच्या त्या कोळशावर मात्र घागरभर पाणी ओतलं तरी साखर परत येणार नाही, कारण तिच्यात पाण्याचे रेणू नव्हतेच. कार्बनच्या साखळीवर एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी), असे ते अणू सुटे सुटे जोडलेले होते. मोरचूद खरा सजल, साखर नावापुरती.

शंका

म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक असले की कर्बोदक, एवढी व्याख्या पुरते का? शाळेत तशीच शिकवली होती.

उत्तर

पुरत नाही, दोन्हीकडून फसते. ॲसिटिक आम्लात कार्बन २, हायड्रोजन ४, ऑक्सिजन २. लॅक्टिक आम्लात ३, ६, ३. प्रमाण चोख जुळतं, तरी यांतलं एकही कर्बोदक नाही. उलट डीएनएमधल्या डीऑक्सिरायबोजमध्ये कार्बन ५, हायड्रोजन १० आणि ऑक्सिजन ४ असतात, ऱ्हॅम्नोजमध्ये ६, १२, ५. प्रमाण बिघडलं, तरी दोन्ही नि:संशय शर्करा आहेत. कायटिन, ज्याचं कीटकांचं कवच बनतं, त्यात तर नायट्रोजनही असतो आणि तरी त्याची गणना याच कुळात होते.

त्यामुळे हल्ली अणू मोजण्याऐवजी रेणूची घडण पाहतात. कार्बनची साखळी, तिच्यावर अनेक हायड्रॉक्सिल गट, शिवाय एक अल्डिहाइड किंवा कीटोन गट, म्हणजे दुहेरी बंधानं ऑक्सिजन जोडलेला कार्बन, अल्डिहाइडमध्ये साखळीच्या टोकाला, कीटोनमध्ये मधे. असा रेणू, किंवा ज्याचे जलविच्छेदनाने (पाण्याच्या रेणूनं बंध तोडून) असे रेणू मिळतात तो पदार्थ, म्हणजे कर्बोदक. अल्डिहाइड गट असेल तर ‘अल्डोज’, कीटोन असेल तर ‘कीटोज’. ग्लुकोज अल्डोज आहे, फ्रुक्टोज कीटोज. दोघांचे अणू मोजले तर आकडे तंतोतंत सारखे. फरक फक्त जोडणीत. अशा जोडीला समघटक म्हणतात. कार्बनच्या संख्येवरूनही नावं पडतात : तीनाचे ट्रायोज, पाचाचे पेंटोज, सहाचे हेक्झोज. सगळ्यात लहान अल्डोज म्हणजे तीन कार्बनचं ग्लिसराल्डिहाइड.

नावाच्या शेवटी ‘ओज’ आलं की बहुधा तो कर्बोदकच असतो, हे भाषांतर करताना उपयोगी पडतं. ‘एज’ आलं की मात्र तो विकर, म्हणजे एन्झाइम. लॅक्टोज ही दुधातली शर्करा आणि लॅक्टेज हे ती तोडणारं विकर. मराठी मजकुरात या दोन शब्दांची अदलाबदल फार वेळा दिसते आणि तिनं वाक्याचा अर्थच उलटा होतो.

शंका

वर्गीकरणात ‘एकशर्करा, द्विशर्करा, बहुशर्करा’ असे शब्द दिले आहेत. बहुशर्करा वाचून वाचकाला ‘खूप साखर असलेला पदार्थ’ वाटणार नाही का? त्यापेक्षा मोनोसॅकॅराइड, पॉलिसॅकॅराइडच ठेवावं काय?

उत्तर

तसं वाटण्याचा धोका आहे हे खरं. पण सॅकॅराइड लिहूनही तुम्ही शर्कराच लिहिता. संस्कृतातला ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडा, रेती. दाणेदार साखरेला तेच नाव पडलं. हाच शब्द पश्चिमेकडे जाऊन ग्रीक-लॅटिनमध्ये ‘सॅकॅरम’ झाला आणि त्यावरून सॅकॅराइड. एका परिच्छेदात अर्थ सांगून टाकलात तर मराठी शब्द निर्धास्त वापरा. माझा कल त्यांच्याकडेच आहे, कारण ‘द्वि’ आणि ‘बहु’ मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत.

अर्थ असा. जिचे जलविच्छेदनाने आणखी लहान शर्करेत तुकडे होत नाहीत ती एकशर्करा : ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज, रायबोज. अशा दोन जोडल्या की द्विशर्करा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून सुक्रोज, म्हणजे आपली साखर. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळून लॅक्टोज. ग्लुकोजला ग्लुकोज जोडला की माल्टोज. तीनपासून साधारण दहापर्यंतच्यांना अल्पशर्करा म्हणतात. कडधान्यांतलं रॅफिनोज त्यातलं. त्यापुढे शेकडो-हजारो एकशर्करांची साखळी झाली की बहुशर्करा, आणि ती मुळीच गोड नसते. स्टार्च, सेल्युलोज, ग्लायकोजेन, कायटिन या सगळ्या बहुशर्करा.

इथे एक बारकावा. ग्लुकोजचे दोन रेणू नुसते शेजारी ठेवले तर बेरीज होते कार्बन १२, हायड्रोजन २४, ऑक्सिजन १२. माल्टोजमध्ये मात्र १२, २२ आणि ११ च सापडतात. जोड बसताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. रेणुभारानंही ताळा जमतो : १८० दुणे ३६०, त्यातून पाण्याचे १८ गेले, उरले ३४२. पचनात हेच उलटं घडतं. प्रत्येक बंधाशी पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि साखळी तुटते. त्यालाच जलविच्छेदन म्हणायचं. काही जण ‘पाण्यात विरघळणे’ असं भाषांतर करतात, ते सपशेल चूक. विरघळताना सुक्रोजचा रेणू अखंड राहतो. जलविच्छेदनात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात.

शंका

स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतील तर एक पचतो आणि दुसरा चोथा म्हणून बाहेर पडतो, असं का? पुस्तिकेत याचं कारण ‘सेल्युलोजचे रेणू कठीण असतात’ असं दिलं आहे.

उत्तर

मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, आणि ‘कठीण’ या शब्दात ती पूर्ण हरवते.

पाण्यात ग्लुकोजची साखळी बहुतेक वेळ सरळ नसते. ती वळून पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं षट्कोनी कडं होतं. कडं मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट कड्याच्या खालच्या बाजूला राहू शकतो किंवा वरच्या. खाली राहिला तर अल्फा ग्लुकोज, वर राहिला तर बीटा. एरवी दोघांत काडीचाही फरक नाही, आणि पाण्यात ते एकमेकांत बदलतही राहतात : साधारण ३६ टक्के अल्फा, ६४ टक्के बीटा. उघड्या साखळीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. पण एकदा शेजारच्या ग्लुकोजशी बंध जुळला की त्या गटाची दिशा कायमची ठरून जाते.

अल्फा दिशेनं जोड बसत गेले की साखळीला वळण येतं आणि तिचा मळसूत्रासारखा पीळ बनतो. स्टार्चमधला ॲमिलोज असा असतो. आयोडीन घातल्यावर स्टार्च निळाकाळा होतो तो याच पिळाच्या पोकळीत आयोडीन शिरल्यामुळे. स्टार्चचा दुसरा घटक ॲमिलोपेक्टिन, त्याला अधूनमधून फांद्या फुटतात, दर २४ ते ३० ग्लुकोजमागे एक. प्राण्यांच्या यकृतात आणि स्नायूंत साठवलेला ग्लायकोजेन याहून दाट फांद्यांचा.

बीटा दिशेनं जोड बसले तर प्रत्येक पुढचा ग्लुकोज आधीच्याच्या उलटा पालथा बसतो. वळण वळणाला खोडतं आणि साखळी सरळसोट निघते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना लगटून बसतात, त्यांच्यात हायड्रोजन बंधांची दाट वीण तयार होते आणि पाण्याला आत शिरायला जागा उरत नाही. हा झाला सेल्युलोज : कापूस, लाकूड, कागद. आपल्या लाळेतलं ॲमिलेज अल्फा बंध तोडतं. बीटा बंध त्याच्या पकडीत बसतच नाही, आणि माणसाचं शरीर सेल्युलोज तोडणारं विकर बनवत नाही. गाईगुरांनाही ते स्वतःला बनवता येत नाही; त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यांच्यासाठी ते काम करतात. तेव्हा पुस्तिकेत असं लिहिता येईल : ‘सेल्युलोजमधील ग्लुकोजचे बंध तोडणारे विकर माणसाचे शरीर बनवत नाही.’

शंका

दोन छोट्या गोष्टी. डेक्स्ट्रोज, ग्लुकोज आणि डी-ग्लुकोज यांत फरक काय? आणि वेष्टनावरच्या ‘शुगर फ्री’चं ‘कर्बोदकविरहित’ केलं तर चालेल का?

उत्तर

डेक्स्ट्रोज हे डी-ग्लुकोजचंच जुनं, व्यापारात टिकून राहिलेलं नाव. त्याचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल उजवीकडे फिरवतं म्हणून ते पडलं. फ्रुक्टोज डावीकडे फिरवतो म्हणून त्याला लेव्ह्युलोज म्हणत. पण ‘डी’ म्हणजे उजवीकडे फिरवणारा असं समजू नका. निसर्गातला फ्रुक्टोज डी-फ्रुक्टोजच आहे आणि तरी तो डावीकडे फिरवतो. ‘डी’ आणि ‘एल’ ही अक्षरं रेणूची घडण सांगतात, ग्लिसराल्डिहाइडशी ताडून. सहा कार्बनच्या अल्डोजची अशी एकूण १६ रूपं संभवतात, आठ डी आणि आठ एल. त्यांतलं ग्लुकोज नेमकं कोणतं हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये केवळ रासायनिक क्रिया आणि तर्क यांच्या बळावर शोधून काढलं. १९०२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना शर्करा आणि प्युरीन (नायट्रोजनयुक्त संयुगांचा एक गट) यांवरच्या कामासाठी मिळालं. तेव्हा ‘डी’चं भाषांतर ‘दक्षिण’ किंवा ‘उजवे’ असं करू नका. अक्षर आहे तसं ठेवा.

‘शुगर फ्री’चं ‘कर्बोदकविरहित’ कदापि करू नका. वेष्टनावरच्या ‘शुगर’मध्ये फक्त एकशर्करा आणि द्विशर्करा धरतात. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चचे तुकडे करून बनवतात, ते त्या व्याख्येत बसत नाही, पण पोटात गेल्यावर त्याचा ग्लुकोज झटपट होतो. म्हणजे शर्करा शून्य आणि कर्बोदकं भरपूर, असा पदार्थ असू शकतो. मधुमेह असलेल्या वाचकाला या एका शब्दानं अपाय होईल. ‘शर्करारहित’ लिहा आणि कर्बोदकांचा आकडा वेगळा द्या. ‘साखर नसलेले’ हेही पुरेसं नाही, कारण मराठीत साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोज न घालताही पदार्थात ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज असू शकतो.

पुस्तिकेत ‘पिष्टमय पदार्थ’ काढून टाकायची गरज नाही. धान्यं, बटाटा, साबुदाणा यांच्याबद्दल बोलताना तोच शब्द योग्य आहे. फक्त जिथे एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी असा हिशेब आला असेल तिथे ‘कर्बोदके’च लिहा, कारण त्या आकड्यात शर्करा आणि पिष्ट दोन्ही येतात. तंतुमय पदार्थांना मात्र तो आकडा लावू नका. त्यांतून फार तर त्याच्या निम्मी ऊर्जा धरतात, आणि तीही आतड्यातल्या जीवाणूंच्या मेहनतीची.