तीन बायका आणि अपुरी इस्टेट: ही वाटणी नक्की कुठल्या नियमाने?

गोंधळलेली: मिश्ना म्हणजे ज्यूंचा जुना कायदेग्रंथ, त्यात एक केस आहे. नवरा वारला, तीन बायका, लग्नाच्या करारात एकीला 100 झूझ (तेव्हाची नाणी), दुसरीला 200, तिसरीला 300 लिहून दिलेले, पण मागे तेवढा पैसाच नाही. इस्टेट 100 असेल तर तिघींना सारखं, ठीके. 300 असेल तर 50, 100, 150, म्हणजे दाव्याच्या प्रमाणात, तेही ठीके. पण 200 असेल तर 50, 75, 75?? हे ना सारखं ना प्रमाणात. नक्कल करणाऱ्याने आकडा चुकवलाय का?

रोखठोक: प्रमाणातच वाटा की सरळ, बाकी सगळा डोक्याला ताप.

आकडेमोड: चूक नाहीये. ऑमन आणि मॅश्लर या दोन गणितज्ञांनी 1985 मध्ये हे कोडं सोडवलं (ऑमनना पुढे 2005 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). किल्ली त्याच मिश्नात दुसरीकडे आहे. दोघांनी एक वस्त्र धरलंय, एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. मग दुसऱ्याने अर्ध्यावरचा हक्क आपणहूनच सोडला ना, वाद उरला फक्त बाकीच्या अर्ध्याचा, तो निम्मा निम्मा, म्हणजे पाऊण आणि पाव. आता 200 वाली केस घे. पहिली आणि दुसरी मिळून 125. पहिलीचा दावा 100 चाच, म्हणून वरचे 25 बिनवादाचे दुसरीचे, उरलेले 100 अर्धे अर्धे: 50 आणि 75. दुसरी-तिसरी मिळून 150, दोघींचा दावा त्याहून मोठा, म्हणून 75-75. कुठलीही जोडी घे, तिन्ही इस्टेटींत ताळा जमतो.

गोंधळलेली: अरे वा, जमतंय खरंच! पण मग इस्टेट 400 असेल तर?

आकडेमोड: 50, 125, 225. प्रत्येकीला निम्मा दावा मिळेपर्यंत मिळकत सारखी वाटायची, त्यानंतर तोटा (दाव्यातली न मिळालेली रक्कम) सारखा वाटायचा, पण कुणाचाही तोटा निम्म्या दाव्यापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही.

रोखठोक: म्हणजे पहिली बाई इस्टेट 150 पासून 450 पर्यंत वाढली तरी 50 वरच अडकून, आणि याला न्याय म्हणायचं? शिवाय प्रमाणाच्या नियमात एकच दावा दोन नावांनी फोडला तरी कुणाला काही फायदा नाही. तुमच्या नियमात इस्टेट 100 असताना तिसरीने 300 चे 150-150 करून दोन नावांनी मागितले तर तिचे 33 चे थेट 50 होतात, मोजून बघा.

आकडेमोड: मोजलं, होतात. मग करार नावानिशीच धरायचा, दावा फोडू द्यायचा नाही.